हरसूलचा पालापाचोळा

त्र्यंबकेश्वर सोडून हरसूलचा रस्ता धरलात, की उतारावरची भात, नागली आणि वरईची खाचरे-शेते दिसू लागतात. पावसाळ्यात या मुलखात आभाळ फाटते. दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण उताराची जमीन पाणी धरीत नाही. होळी झाली, की त्याच पाड्यांवरच्या बायका हंडा घेऊन झऱ्याची वाट चालू लागतात.

आता या भागात आंब्याच्या वाड्या उभ्या राहिल्या आहेत. मणिभाई देसाईंच्या ‘बाएफ’ संस्थेने १९८२ साली शेजारच्या गुजरातेत वांसदा येथे आदिवासी कुटुंबांसाठी वाडीची योजना सुरू केली. पुढे ती महाराष्ट्रातही आली. कलम लावणे सोपे. खरी परीक्षा पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांची. डोक्यावरून आणलेले पाणी तासाभरात उडून गेले, तर त्या बाईचे कष्ट फुकट.

यावर उपाय दारातच आहे. ऐन, साग, पळस यांचा पाला इथे राबासाठी गोळा होतो. राब भाजल्याने तणाचे बी मरते, राख मिळते. आपले वाडवडील काही वेडे नव्हते. मात्र सगळाच पाला जाळू नका. चार पाट्या कलमांसाठी राखा.

पाऊस संपताच, ओल असतानाच आळ्यात गवत पसरा. माघानंतर पाणी देऊन वर पाला घाला. थर चार बोटे जाड हवा. खोडापासून मात्र चार बोटे दूर ठेवा, नाहीतर साल कुजते. सागाची पाने कौलांसारखी पाणी बाहेर लोटतात, म्हणून ती फाडून घाला. वर चार दगड ठेवा, म्हणजे वारा नेणार नाही. पेंढा गुरांच्या तोंडचा काढू नका; गुरांनी टाकलेले उष्टे गवत चालते. वाळवी लागते का, ते अधूनमधून पाहा. वणव्याच्या भीतीने वाडीभोवतीचा दोन हात पट्टा साफ ठेवा.

अमेरिकेत ब्लूबेरी नावाचे लहानसे निळे फळ होते. त्या झुडपाची मुळे उथळ, म्हणून तिथले शेतकरी बुंध्याशी लाकडाचा भुसा पसरतात. तुमच्या रानातल्या करवंदीला हे कोणी शिकवले नाही. तिच्या जाळीखालचा पाला चैत्रात जरा उकरून पाहा आणि खालच्या मातीला हात लावा. मग यंदाच्या राबातून चार पाट्या बाजूला काढायला कोणी सांगावे लागणार नाही.