वही आपली, किल्लीही आपलीच

तासगाव-मिरज पट्ट्यातला द्राक्षबागायतदार फवारणीची वही सहसा कुणाच्या हाती देत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीपासून माल निघेपर्यंत कोणत्या दिवशी कोणतं औषध, किती मिली, त्या रात्री पाऊस पडला का, डाऊनी रोग कधी दिसला, हे सगळं तिच्यात असतं. युरोपला माल पाठवायचा तर औषधांच्या अंशांचा हिशेब चोख लागतो. वर्षानुवर्षांचं शहाणपण आहे ते.

ही वही आता मोबाईलवर येतेय आणि मला काळजी वाटते ती इथेच. बरीचशी फुकट ॲप नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर ठेवतात. तिथे त्या कोण वाचतं, हे लिहिणाऱ्याला कळत नाही. म्हणून नोंद आधी स्वतःच्या फोनवर ठेवणारी सॉफ्टवेअरं मी बागायतदारांसाठी तपासतो आहे. ‘लोकल-फर्स्ट’ म्हणतात तो हाच विचार 2019 मध्ये ‘इंक अँड स्विच’ या संशोधन गटाने नीट मांडला. पण नोंद एकाच जागी ठेवण्यातही धोका असतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. तळमजल्यांवरच्या वह्या-दप्तरांचा लगदा झाला. नोंदी दोन ठिकाणी हव्यातच. पण दुसरं ठिकाण परक्याचं कशाला?

‘एनीटाइप’ या नोंदींच्या ॲपमध्ये वडिलांचा फोन आणि मुलाचा लॅपटॉप एकाच वायफायवर असले की इंटरनेट काढून टाकलं तरी नोंद इकडून तिकडे जाते. पाटणच्या डोंगरात जिथे रेंजच येत नाही, तिथे याचं मोल मोठं. दोघांनी वेगवेगळं लिहिलं तरी ते जुळवून घेतं. यंत्रांमधल्या फाईली जुळवणारं ‘सिंकथिंग’ मात्र अशा वेळी फाईलची दुसरी प्रत करून ठेवतं; कोणती खरी, ते आपण ठरवायचं. एनीटाइप स्वतःच्या सर्व्हरवरही प्रत ठेवतं, पण कुलूपबंद. तीही नको असेल तर ‘फक्त स्थानिक’ हा पर्याय आहे.

अडचणीही खऱ्या आहेत. दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालू नसतील तर थेट देवाणघेवाण होत नाही. बॅटरी वाचवण्याच्या नादात अँड्रॉइड फोन सिंकथिंग मागच्या मागे बंद करतो. ती सेटिंग आधी बदलावी लागते. एकीकडे खोडलेलं दुसरीकडेही खोडलं जातं, म्हणून पेन ड्राइव्हवर वेगळी प्रत हवीच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एनीटाइपची किल्ली म्हणजे इंग्रजी शब्दांची एक ओळ. ती हरवली आणि फोनही गेला, तर कंपनीसुद्धा नोंदी उघडून देऊ शकत नाही. ते शब्द कागदावर लिहून सात-बाराच्या उताऱ्यांसोबत ठेवा, आणि घरातल्या आणखी एकाला ती जागा सांगून ठेवा.

तरीही माझा कौल याच वाटेला आहे. ऑक्टोबरची फळछाटणी उरकली असेल, तर या हंगामात एकाच प्लॉटच्या नोंदी अशा ठेवून पाहा. माल निघेपर्यंत कागदी वही मात्र बंद करू नका.