खुराक जुना, डबा नवा

बडोद्याच्या मराठी माणसास शरीरसंपदेचे वेड श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या काळापासून लागलेले. प्रोफेसर माणिकरावांचे जुम्मादादा व्यायाम मंदिर इथलेच, आणि मुजुमदारांनी संपादिलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ही याच नगरीत सिद्ध झाला. त्यामुळे ‘खुराक’ हा शब्द आमच्या घरांतून कौतुकानेच उच्चारला जातो. दूध, तूप, बदाम आणि थंडाई यांवर पोसलेल्या पहिलवानांच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. आता तालमीच्या शेजारी जिम आली आणि बदामांच्या बरणीशेजारी पांढऱ्या भुकटीचा डबा आला. त्या भुकटीचे नाव क्रिएटिन.

आमचा पुतण्या गेली दोन वर्षे ती घेत असे. एके दिवशी तो म्हणाला, “काका, मोनोहायड्रेट आता जुनं झालं. हायड्रोक्लोराइड घ्यायला हवं.” नव्या डब्याची किंमत जुन्याच्या मानाने कितीतरी अधिक. त्याच्या वडिलांचा पगार बेताचा. त्याच्या आईला तर ही भुकटी मांसाची असेल अशी शंका. तेव्हा या प्रकरणाचा छडा लावणे आम्हांस भाग पडले.

आईची शंका अगदीच निराधार नव्हती. 1832 साली शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हे द्रव्य मांसातूनच वेगळे केले आणि मांस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिले. पुढे 1847 साली लीबिग या जर्मन शास्त्रज्ञास रानात धावणाऱ्या कोल्ह्याच्या मांसात पिंजऱ्यातील कोल्ह्यापेक्षा ते सुमारे दहापट आढळले. मात्र आज डब्यात मिळणारे क्रिएटिन कारखान्यात रासायनिक क्रियेने बनते. त्यात प्राण्याचा अंश नसतो. कॅप्सूल घेणाऱ्यांनी तेवढे तिचे आवरण पाहावे, कारण ते बहुधा जिलेटिनचे असते.

आपले शरीरही हे द्रव्य रोज सुमारे एक ग्रॅम स्वतःच तयार करते. त्याचा जवळजवळ सगळा साठा स्नायूंत असतो. जड वजन उचलताना किंवा प्रतिस्पर्ध्यास उचलून टाकताना पहिल्या काही सेकंदांत जी शक्ती झपाट्याने खर्च होते, ती भरून काढण्याचे काम हा साठा करतो. मांसाहाऱ्यास अन्नातून त्याची भर मिळते. शाकाहाऱ्यास फारशी मिळत नाही. एक लिटर दुधात क्रिएटिन असते जेमतेम दशांश ग्रॅम. म्हणजे रोजचे तीन ग्रॅम दुधातून मिळवायचे तर तीस लिटर दूध प्यावे लागेल! जुन्या पहिलवानांच्या दुधाने त्यांस प्रथिने आणि स्निग्धांश भरपूर दिला. हे द्रव्य मात्र त्यातून मिळणारे नव्हते. म्हणूनच शाकाहारी तरुणास या भुकटीचा गुण बहुधा अधिक जाणवतो. हे कळल्यावर पुतण्याच्या डब्याकडे पाहण्याची आमची दृष्टी थोडी निवळली.

आता प्रकारांविषयी. मोनोहायड्रेट म्हणजे क्रिएटिनच्या प्रत्येक रेणूस पाण्याचा एक रेणू जोडलेला; वजनाने त्यात सुमारे 88 टक्के क्रिएटिन असते. हायड्रोक्लोराइडमध्ये ते सुमारे 78 टक्केच. हा दुसरा प्रकार पाण्यात फार चटकन विरघळतो हे खरे, आणि त्याच बळावर ‘दीड ग्रॅम पुरे’ असे सांगितले जाते. पण हिशेब मांडला तर दीड ग्रॅमात क्रिएटिन भरते सव्वा ग्रॅमाहूनही कमी. शिवाय साधे मोनोहायड्रेटही आतड्यांत जवळजवळ पूर्णपणे शोषले जाते. मग पेल्यात लवकर विरघळण्याने स्नायूंचा लाभ तो काय? ज्यांना साध्या भुकटीने पोट बिघडते, त्यांनी मात्रा विभागून घ्यावी.

‘बफर्ड’ नावाचा एक प्रकार क्षार मिसळून केलेला असतो. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तो साध्या भुकटीहून सरस ठरला नाही. एथिल एस्टरची गत त्याहून वाईट. 2009 सालच्या अभ्यासात तो घेणाऱ्यांच्या रक्तात क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्यच वाढलेले दिसले. ताकदीचा जादा लाभ काही दिसला नाही. ‘मायक्रोनाइज्ड’ म्हणजे तर तीच भुकटी बारीक दळलेली. पिठीसाखर केल्याने साखरेची गोडी वाढत नाही, तसेच हे.

मात्रेचेही तसेच. पहिला आठवडा रोज वीस ग्रॅम घेण्याची रीत आहे. पण रोज तीन ग्रॅम घेतले तरी महिन्याभरात स्नायूंचा साठा तेवढाच भरतो, हे 1996 सालीच दिसून आले. भुकटी पाण्यात घालून ठेवू नये, हळूहळू ती बिघडते. प्रारंभी वजन एक-दोन किलो वाढले तर ते बव्हंशी स्नायूंत साठलेले पाणी समजावे.

हा सारा हिशेब मांडून झाला आणि त्याच महिन्यात पुतण्याच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन किंचित वाढलेले आले. आमच्या तीर्थरूपांचे अखेरचे वर्ष डायलिसिसवर गेलेले. त्या शब्दाची आमच्या घरास केवढी धास्ती, हे निराळे सांगावयास नको. त्याच्या आईने डबा उचलून माळ्यावर टाकला आणि दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलले नाही.

डॉक्टरांनी आधी भुकटीविषयी विचारले. क्रिएटिनचेच रूपांतर होऊन क्रिएटिनिन बनते, तेव्हा भुकटी घेणाऱ्याच्या किंवा भरदार स्नायूंच्या माणसाच्या रक्तात ते थोडे अधिक दिसू शकते. तेवढ्यावरून मूत्रपिंड बिघडले असे ठरत नाही, हे त्यांनी समजावून दिले. काही आठवडे भुकटी थांबवून त्यांनी पुन्हा तपासणी केली, लघवी तपासली आणि स्नायूंवर फारसे अवलंबून नसणारी सिस्टॅटिन सी ही चाचणीही करविली. सर्व ठीक निघाले. तथापि घराण्यात मूत्रपिंडाचा विकार असल्याने वर्षातून एकदा तपासणी चुकवायची नाही, असे त्यांनी बजावले. ज्याला हा विकार आधीच आहे त्याने तर डॉक्टरांच्या संमतीवाचून डब्याला हात लावू नये. आणि रक्त द्यावयास जाताना आपण भुकटी घेतो हे आधीच सांगावे. न सांगितल्याने अनेक घरांत नाहक घबराट होत असेल.

आता पुतण्या रोज तीन ग्रॅम साधे मोनोहायड्रेट घेतो. महागड्या डब्याचे वाचलेले पैसे डाळी, दूध आणि पनीर यांवर खर्च करावेत असे त्याच्या आईने ठरविले, आणि तो निकाल त्याने मुकाट्याने मानला. क्रिएटिनने फार तर एकदोन बैठका अधिक निघतील; त्या मारावयाच्या मात्र त्यालाच.