आमच्या घरातील गव्हाण

नाताळच्या दिवसांत आम्हां धर्मगुरूंच्या तोंडी काही विषय ठरलेले असतात. त्यांतला एक म्हणजे बेथलेहेमचा धर्मशाळावाला. हा बिचारा दरवर्षी आमच्या प्रवचनांत उभा केला जातो, दरवर्षी तो मरिया-योसेफांच्या तोंडावर दार लावतो, आणि दरवर्षी आम्ही त्याची यथेच्छ निंदा करतो. मुलांच्या नाटिकेत त्याला मोठ्या मिश्या लावतात व हातात कंदील देतात. मीही अनेक वर्षे त्याला झोडपले आहे. परंतु एका वर्षी त्याला झोडपताना माझा तडाखा भलत्याच व्यक्तीला बसला. ती हकिकत आज या पानावर लिहिण्याचे मी ठरविले आहे. ती लिहायला मला फार उशीर झाला आहे, हे प्रथमच कबूल करतो.

माझे गाव खानापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. आमच्याकडची जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना अधिक सांगायला नको. दारातून आत शिरले की एका अंगाला गुरांची दावण, तिच्यासमोर लाकडी गव्हाण, आणि दोन पायऱ्या चढून वर माणसांचा सोपा. सोप्यामागे माजघर, माजघरात चूल. म्हशीने रवंथ करताना मान हलविली की तिच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज चुलीपाशी बसलेल्या आईला ऐकू जाई. गोठा घराबाहेर नव्हता, घरातच होता. तिन्हीसांजेला आम्ही रोझरीला गुडघे टेकत असू तेव्हा प्रार्थनेत गुरांचे फुरफुरणे मिसळलेले असे, आणि त्यात आम्हांला काही वावगे वाटत नसे.

१९८९ सालचा नाताळ. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. माझी आत्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिची सासरची परिस्थिती हलाखीची होती. त्याच सुमारास मुंबईचे काका, काकी व त्यांची मुले नाताळसाठी गावी उतरली. काका जहाजावर नोकरीला. त्यांच्या ट्रंकेत आमच्यासाठी चॉकलेटे असत आणि अंगाला अत्तराचा वास असे. आमच्या घरात पाहुण्यांसाठी म्हणून एकच खोली होती, सोप्याच्या कडेची. तिच्यात एकुलता एक पलंग. ती खोली काकांना मिळाली. आत्याचे अंथरूण मात्र आईने पायऱ्यांच्या खाली, गोठ्याच्या कोपऱ्यात घातले. पेंढ्याचा जाड थर, त्यावर गोधड्या, आणि दावणीकडून आडोसा म्हणून आईचे एक जुने लुगडे बांधलेले. नाताळच्या आदल्या रात्री तेथेच आत्याला मुलगा झाला. सुईणीने त्याला पुसून गुंडाळला आणि बाळंतिणीचे आवरून होईपर्यंत गव्हाणीत पेंढ्यावर ठेवला. मी पायरीवर बसून हे सारे पाहत होतो.

लहान मुलाच्या मनाचा न्याय फार कठोर असतो. अत्तरवाल्या काकांना पलंग आणि गरीब आत्याला गोठा, एवढेच मी पाहिले. शेजारणीही कुजबुजत होत्या की वहिनीने नणंदेला गुरांत टाकले. आईविषयी त्या दिवशी माझ्या मनात जी अढी बसली ती तशीच राहिली. मी सेमिनरीत गेलो, तत्त्वज्ञान शिकलो, ईश्वरविज्ञान शिकलो, पण ती अढी काही सुटली नाही. उलट तिला आता शुभवर्तमानाचा आधार मिळाल्यासारखे झाले.

२०१० साली मला गुरुदीक्षा मिळाली व त्या वर्षीची मध्यरात्रीची मिस्सा अर्पण करण्याचा मान माझ्याच गावाने मला दिला. मंदिर माणसांनी फुलले होते. आई पुढून तिसऱ्या बाकावर, ठेवणीतली साडी नेसून बसली होती. मी धर्मशाळावाल्यावर बोलू लागलो. नवा धर्मगुरू, अंगात जोर, समोर आपलीच माणसे! बोलता बोलता मी म्हणून गेलो की धर्मशाळावाला काही बेथलेहेमातच राहत नाही, तो आपल्या गावातही राहतो; मी लहान असताना एका घरात श्रीमंत पाहुण्याला पलंग आणि गरीब गर्भवतीला गोठा मिळालेला माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. घराचे नाव मी घेतले नाही. घेण्याची गरजही नव्हती. सारे गाव ओळखत होते. तीन-चार माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या. आईने पदर पुढे ओढला व ती वेदीकडे पाहत राहिली. तिने माझ्याच हातून ख्रिस्तशरीर स्वीकारले.

घरी आल्यावर तिने मला विचारले, ते एवढेच, “बाळा, दूध तापवू का?”

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या आली. ती नेवऱ्यांचा डबा घेऊन आली होती, पण तो तिने माझ्या हातात दिला नाही, ओट्यावर आपटला. “तुला आता फादर म्हणायचे की कान धरायचा?” असे तिने सुरू केले. तिचे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात. “अरे, ती जागा मी मागून घेतली. वहिनीने पलंगाची खोली माझ्यासाठीच सारवून ठेवली होती. मीच म्हटले, मला तिथे नको. तिथे वारा येतो, आणि बाहेर सोप्यावर रात्रभर पुरुषमाणसे बसलेली. बाळंतपणाच्या वेणा मी त्यांच्या कानांवर घालायच्या होत्या का? खाली म्हशींची ऊब होती, न्हाणी जवळ, चुलीवरचे गरम पाणी चार पावलांवर. या घरात तुझ्या आजीची सगळी बाळंतपणे त्याच कोपऱ्यात झाली. तुझा बापही तिथेच जन्मला. आणि तुझी आई तीन रात्री माझ्या उशाशी पेंढ्यावर बसून होती, ते तुला दिसले नाही. कसे दिसणार? तू चॉकलेट खात होतास.”

मी खाली मान घालून ऐकले. ओट्यावरचा डबा कितीतरी वेळ तसाच पडून होता.

वाचकहो, आता मला थोडे ग्रीक भाषेकडे वळू द्या. वळण लांबचे वाटले तरी ते याच गोठ्यात येऊन पोहोचते. संत लूकने आपले शुभवर्तमान ग्रीक भाषेत लिहिले. ज्या ठिकाणी जागा नव्हती असे तो सांगतो त्या ठिकाणाला त्याने ‘कातालुमा’ असा शब्द वापरला आहे. आपण त्याला उतारशाळा म्हणतो. परंतु हाच शब्द लूकने पुढे बाविसाव्या अध्यायात योजला आहे, आणि तेथे तो ज्या खोलीत प्रभूने शिष्यांसह शेवटचे भोजन घेतले त्या खोलीसाठी आहे. म्हणजे घरातील पाहुण्यांची खोली. भाड्याने उतरण्याची खरीखुरी धर्मशाळा त्याला ठाऊक नव्हती असे नाही. दयाळू शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूला जेथे नेले त्या जागेसाठी दहाव्या अध्यायात त्याने ‘पांदोखेइऑन’ असा निराळाच शब्द वापरला आहे, व तेथे पैसे घेणारा मालकही आहे. दुसऱ्या अध्यायात मात्र मालक नाही, दार नाही, कंदील नाही. ज्याला आम्ही इतकी वर्षे शिव्या घातल्या तो धर्मशाळावाला लूकने लिहिलेलाच नाही!

गंमत अशी की हे दोन्ही शब्द मला सेमिनरीत शिकविले होते. परीक्षेत त्यावर प्रश्नही आला होता व मला चांगले गुण पडले होते. वेदीपुढे उभा राहिलो तेव्हा ग्रीक विसरलो आणि मिश्या आठवल्या.

त्या काळच्या यहुदी खेड्यातील साध्या घराची रचना कशी असे याविषयी अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. पॅलेस्टाईनच्या खेड्यांत अशी घरे अगदी विसाव्या शतकापर्यंत होती. दारातून आत आले की खालच्या पातळीवर गुरे, चार पायऱ्या वर माणसांची बसण्या-निजण्याची जागा, आणि दोहोंच्या सीमेवर गव्हाण. रात्री गुरे आत घेत. त्यांची राखणही होई आणि घराला ऊबही मिळे. पाहुण्यांची खोली असलीच तर वर माळवदावर किंवा एका अंगाला. कित्येक घरे गुहेला लागून बांधलेली असत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात संत जस्टिनने प्रभूचा जन्म गुहेत झाल्याचे लिहिले आहे व बेथलेहेमचे जन्ममंदिरही गुहेवरच उभे आहे, त्याच्याशी या गोष्टीचा विरोध येत नाही. हे वर्णन मी प्रथम लक्षपूर्वक वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. ते आमचे घर होते.

आता लूकची कथा पुन्हा आठवून पाहा. योसेफ दाविदाच्या कुळातला, आणि बेथलेहेम हे दाविदाचेच गाव. खानोसुमारीसाठी माणूस आपल्या मूळ गावी जातो आणि त्याला तेथे एकही घर ओळखीचे नसते, असे आपल्याकडे तरी घडेल काय? शिवाय ती दोघे तेथे मुक्कामाला असताना मरियेचे दिवस भरले असे लूक सांगतो. रात्री पोहोचली आणि तत्क्षणी प्रसूत झाली असे तो म्हणत नाही. ज्या गाढवावर आपण तिला बसवितो तेही त्याच्या कथेत नाही. आणि मागी लोक आले ते घरात शिरले असे मत्तयाने स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा पुष्कळ अभ्यासक असे मानतात की पाहुण्यांची खोली आधीच भरलेली होती, आणि म्हणून कोणा आप्ताने आपल्या राहत्या घरात, चुलीच्या जवळ, गुरांच्या उबेत त्या दोघांना जागा करून दिली. हा काही श्रद्धेचा सिद्धांत नव्हे. कोणाला जुनेच चित्र प्रिय असेल तर त्याने ते खुशाल जपावे. परंतु मला तरी त्या गव्हाणीपाशी आता दारे लावणारा मनुष्य दिसत नाही. पाणी तापवणारी एक बाई दिसते. तिचे नाव शुभवर्तमानात नाही.

मेंढपाळांना देवदूताने जी खूण दिली तीही गव्हाणीचीच होती. राजवाडा सांगितला असता तर ते वेशीवरच थबकले असते. गव्हाणीत निजवलेले बाळ म्हणताच त्यांना कळले असेल की हे आपल्यासारख्याच घरात आहे, तेथे आपल्याला कोणी हटकणार नाही.

धर्मग्रामातील घरांना आशीर्वाद देण्यासाठी मी फिरतो तेव्हा ही गोष्ट मला नेहमी आठवते. फादर येणार म्हणून लोक शेजारून खुर्च्या आणतात, चुलीच्या दारावर पडदा ओढतात, म्हाताऱ्या खोकणाऱ्या आजोबांना परड्याकडे नेऊन बसवितात, आणि मला बाहेरच्या खोलीत नव्या चादरीवर बसवून म्हणतात, “फादर, आमचे घर लहान आहे, माफ करा.” मी चहा पितो, आशीर्वाद देतो आणि बाहेर पडतो. त्या घरात रात्री काय शिजते, कोणाचे दुखते, कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे, हे सारे पडद्यामागे राहते. हल्ली मी थोडा धीट झालो आहे. सरळ विचारतो, “आजोबा कोठे आहेत?” आणि तिकडे जाऊन बसतो. एकदा एका माउलीने घाबरून म्हटले, “फादर, तिकडे शेणाचा वास येतो हो!” मी म्हटले, “येऊ दे. आमच्याही घरी येत असे.”

अर्थात गोठे आता घराबाहेर गेले, कित्येक घरांतून तर गेलेच. फरशा आल्या, दाराशी ट्रॅक्टर आले. बाळंतपणे इस्पितळात होतात, आणि ते उत्तमच आहे. जुन्या काळी त्या कोपऱ्यात जन्मलेली सगळीच बाळे जगली नाहीत, हे आत्याही सांगते. जुन्याचे पोवाडे गाण्याचा माझा हेतू नाही. मला फक्त आईविषयी सांगायचे होते.

ग्रीक शब्दांचा हा उलगडा झाल्यावर मी गावी जाऊन तिची क्षमा मागितली. ती भाकऱ्या थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “तू बोललास ते देवाच्या घरात बोललास. मी काय मध्येच उठून खरेखोटे करू?” मी म्हटले, “पुढच्या नाताळला त्याच वेदीवरून चूक दुरुस्त करतो.” ती म्हणाली, “बघू.” पण पुढच्या नाताळला माझी नेमणूक दूरच्या धर्मग्रामात होती, त्याच्या पुढच्याही, आणि खरे सांगायचे तर, पत्र लिहूनही जे करता आले असते ते मी लाजेपोटी पुढे ढकलीत गेलो. २०१८ साली आई प्रभूघरी गेली. त्या वेदीवरून मी ती दुरुस्ती केली, ती तिच्या अंत्यविधीच्या मिस्सेत. तिसरा बाक त्या दिवशी रिकामा ठेवला नव्हता. आत्या तेथे बसली होती व मान हलवीत होती.

गेल्या नाताळला आमच्या तरुणांनी गोठा बांधायला घेतला. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावी खऱ्या गवताची गव्हाण मांडली होती हे मी त्यांना सांगितले होते. त्यामुळे विजेची कारंजी या वर्षी टळली. कोणीतरी पुठ्ठ्याची धर्मशाळा करून तिच्यावर ‘जागा नाही’ अशी पाटी लिहून आणली. मी ती काढून ठेवायला सांगितले. त्याच सायंकाळी माझा आत्येभाऊ आपल्या टेम्पोतून आमच्या मोडलेल्या घरातली जुनी लाकडी गव्हाण घेऊन आला. आत्याही बरोबर होती. आता ती काठी टेकत चालते. पोरांनी गव्हाणीत पेंढा पसरला व बाळ येशूची मूर्ती ठेवायला घेतली, तेव्हा तिने त्यांना थांबविले. वाकून तिने पेंढ्याखाली हात घातला आणि तळाची फळी चाचपून पाहिली.

“उजवीकडे अजून घाला रे,” ती म्हणाली, “तिथे फळीला भेग आहे. खालून गार लागते.”