दोरीचं वजन

शाळेच्या वेळापत्रकात दोरी कार्यानुभवाच्या तासाला येते. सुतळीची पिशवी, कुंडी टांगायची झोळी. चित्रकलेच्या तासाला कागद, पेन्सिल, वस्तुचित्र. ही वाटणी कुणी केली हे विचारायची आम्हा कलाशिक्षकांना सवय नसते. शिल्पकार मृणालिनी मुखर्जींची दोरीची शिल्पं मात्र विचारतात.

माणसाहून उंच, जांभळट, गेरवा, शेवाळी. आत धातूचा सांगाडा, आणि त्यावर रंगवलेल्या दोरीच्या गाठीवर गाठ. माग नाही, आधी केलेलं रेखाटन नाही. हात नेईल तसा आकार वाढत जायचा. आम्ही मुलांना आधी बाह्यरेषा काढायला लावतो, मग आत छाया भरायला. इथं बाह्यरेषा शेवटी येते, तीही वजनानं ओळंबत. दोरी जिथं थकते तिथं घडी पडते, आणि त्या घडीत सावली आपोआप साचते. सहाबी पेन्सिलीनं तासभर घासूनही इतका खोल काळोख मला कधी साधलेला नाही. एका शिल्पाचं नाव 'पुष्प'. पाकळ्या म्हणाव्यात तर त्या ओठांसारख्या, आणि ओठांपाशी थांबावं तर नजर आणखी आत शिरते. आठवीच्या वर्गाला पुस्तकातून ही छायाचित्रं दाखवताना मी पानं जरा भराभरा उलटतो, हे खरं.

'यक्षी' १९८४ची. देवतेचं नाव असलं तरी ही कुठल्या देवळातली मूर्ती नव्हे. पण तिच्यासमोर आवाज आपसूक खाली येतो. या कामाला हस्तकला म्हणून बाजूला सारणारे होतेच. मुखर्जी बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन यांच्या विद्यार्थिनी. ज्या गुरूला खेळणी आणि भित्तिचित्रं सारख्याच गांभीर्यानं करता येत, त्याच्याकडे शिकलेल्या बाईला अशा शेऱ्यांचं काय वाटणार!

२०१५ साली दिल्लीच्या जयपूर हाउस या कलासंग्रहालयात त्यांच्या कामाचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं आणि उद्घाटनानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या. दोरीनंतरच्या काळात त्या मातीकडे आणि कांस्याकडे वळल्या होत्या. ते काम मोठंच आहे, पण मला कांस्य जरा परकं वाटतं. ओतीव धातूत हाताचा वेग गोठतो. दोरीत गाठ कुठं घट्ट आवळली, कुठं सैल सोडली, हे अजून वाचता येतं.

वर्गात एका मुलीनं विचारलं, ‘सर, याची मागची बाजू कशी असेल?’ एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या वस्तुचित्राला हा प्रश्न कुणी विचारत नाही.