तळाचे साक्षीदार

विहिरीत कासव सोडण्याची चाल जुनी. ते जिवंत आहे, हीच पाण्याची ग्वाही. आम्हां देवगडकरांच्या नळाला मात्र दहिबावच्या अन्नपूर्णा नदीचे पाणी येते. दिसावयास ते निवळ असले, तरी निवळ म्हणजे शुद्ध नव्हे. तेथे ग्वाही कोणाची घ्यावी?

आमच्या मते, तळाच्या गाळातील बिनकण्याच्या क्षुद्र जीवांची. बाटलीतला नमुना त्या घटकेपुरता बोलतो. ह्या जीवांचे महिनेच्या महिने त्याच पाण्यात गेलेले असतात. पंख फुटल्यावर जेमतेम एक-दोन दिवस जगणाऱ्या मेफ्लाय माशीची पिले बहुधा स्वच्छ पाण्यातच तगतात. घाणीने प्राणवायू आटला की ती नाहीशी होतात आणि ट्युबिफेक्स नावाचे तांबडे किडे माजतात. त्यांचा रंग रक्तातील हिमोग्लोबिनचा. त्याच्याच बळावर थोडक्या प्राणवायूत त्यांचे निभते. कोल्कविट्झ व मार्सोन ह्या जर्मन पंडितांनी अशा जीवांची प्रतवारी १९०९ सालीच प्रसिद्ध केली.

धरणाची गोष्ट थोडी निराळी. तेथे खोल तळाशी उन्हाळ्यात प्राणवायू मुळातच आटतो. केवळ तेथले तांबडे किडे पाहून निकाल देणे अन्यायाचे होईल. काठालगतचा गाळही चाळावा लागतो.

पटकीच्या जंतूंविषयी मात्र हे साक्षीदार मुके! आमच्या घरी पाणी अजून उकळूनच पितात.