नकाराचं कारण

कॅम्पसच्या तिसऱ्या कंपनीनेही नारळ दिला, त्या रात्री मी मेसला गेलो नाही. बाबांना फोनही केला नाही. सकाळी सेमिनार होता, विषय ५जी नेटवर्क स्लाइसिंग. झक मारत वाचत बसलो.

स्लाइस म्हणजे एकाच नेटवर्कचे कामाप्रमाणे पाडलेले आभासी भाग. नोंदणी करताना फोन जास्तीत जास्त आठ स्लाइस मागतो. नेटवर्क मंजूर स्लाइसची यादी देतं आणि नाकारलेल्यांचं कारणही कळवतं. 'या नेटवर्कमध्ये नाही' म्हटलं, तर फोन तिथे तो स्लाइस सहसा बंद करून चालू करेपर्यंत मागत नाही. 'या नोंदणी क्षेत्रात नाही' असेल, तर क्षेत्र ओलांडलं की पुन्हा मागायला मोकळा. रिलीज १७ पासून 'जागा भरली' हेही कारण आलं. तेव्हा नेटवर्क थांबायची वेळ सांगू शकतं. चौथं कारण, तपासणीत नापास. तोवर मंजूर स्लाइसवर फोनचं काम चालूच!

मी मात्र सगळे नकार एकाच खात्यात टाकले होते. पहिल्या कंपनीने आमच्या शाखेतला एकही घेतला नाही. दुसरीच्या जागा माझ्या आधीच भरल्या. तिसरीत मी पॉइंटरवर गडबडलो, ते मात्र माझंच.

रूममेट म्हणाला, "अरे, फोनला कळतं ते तुला कळेना?"

रात्री साडेअकराला बाबांना उठवलं. म्हणालो, "बाबा, नाही झालं. पण का, ते कळलंय."

मग 'सी'चं पुस्तक उघडलं.