दोन गट, एक पाणलोट

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत 31 मे हा निरोप समारंभांचा दिवस असतो. शाळेत नाव घालताना आईबापांना जन्मतारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी 1 जून लिहून मोकळे व्हायचे. ती मुलं पुढे तलाठी झाली, शिक्षक झाली, ग्रामसेवक झाली. वयाची 58 वर्षं भरली की ती सगळी मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी एकदमच खुर्चीवरून उठतात. माझ्याही दाखल्यावर हीच तारीख आहे. येत्या 31 मेला माण तालुक्यातल्या एका गावच्या ग्रामपंचायतीचं दप्तर मी नव्या अधिकारी बाईंच्या ताब्यात देईन.

गावाचं नाव लिहीत नाही. अजून तिथेच कामावर आहे आणि दोन्ही गटांतली माणसं मला सारखीच जवळची आहेत.

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षांच्या चिन्हांवर होत नाही. आयोग कपबशी, शिट्टी, छत्री अशी चिन्हं वाटतो आणि गावात पॅनेलं उभी राहतात. आमच्या गावात ‘ग्रामविकास’ आणि ‘परिवर्तन’ अशी दोन. नावं प्रत्येक गावात थोड्याफार फरकाने हीच असतात. डोंगराच्या बाजूला वरची आळी, ओढ्याच्या बाजूला खालची. वरच्या आळीचं रान मुरमाड आणि चढाचं, खालच्या आळीच्या विहिरी ओढ्याकाठी. कुणाच्या आजोबांनी कुणाचा बांध कोरला, कुणाच्या लग्नात कुणाला मानाचा नारळ मिळाला नाही, इथपासून ही फूट सुरू होते. ती जुनी आहे, तिची कारणं सगळ्यांना माहीत आहेत. म्हणूनच तिच्याशी बोलता यायचं. खालच्या आळीच्या तात्यांच्या घरी चहा घेऊन वरच्या आळीच्या अण्णांच्या ओट्यावर जाऊन बसलं तरी कुणी भाऊसाहेबांवर, म्हणजे माझ्यावर, संशय घेत नसे.

मी या गावात पहिल्यांदा आलो तेव्हा संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान जोरात होतं. आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना 2000-01 मध्ये ते सुरू झालं आणि खराटा हातात घेतलेला सरपंच महाराष्ट्राने प्रथमच पाहिला. पुढे याच आर. आर. आबांनी गृहमंत्री म्हणून 2007 मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आणली. तिचं भलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बांधाचे, वाटणीचे, भावकीचे कितीतरी दावे कोर्टाची पायरी न चढता देवळात मिटले. पण समितीचा अध्यक्ष कोण, यावरून गावोगाव नवे तंटे झाले, हेही तितकंच खरं. आमच्याकडे ऐन 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत खुर्च्या उचलल्या गेल्या. शेवटी पूर्वी बदलीने गावात आलेल्या पण सगळ्यांना मान्य असलेल्या एका निवृत्त गुरुजींना अध्यक्ष केलं, तेव्हा झेंड्याची मिठाई वाटता आली.

गाव एक करायचं म्हणजे निवडणूक बिनविरोध करायची, ही समजूत मला कधीच पटली नाही. जानेवारी 2021 च्या निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी या दोन गावांची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली. तिथे पदांचा चक्क लिलाव झाल्याचं उघड झालं होतं. त्याच महिन्यात हिवरे बाजारमध्ये तीस वर्षांनी मतदान झालं. पाण्याच्या कामासाठी देशभर माहीत असलेलं ते गाव, आणि तिथेही लोकांनी मतदान केंद्रावर जाऊन आपलं मत दिलं. त्याने गावाचं काही बिघडलं नाही. भांडून झालेली निवडणूक मला पैशाने आणलेल्या एकमतापेक्षा शंभर पटींनी चांगली वाटते.

बदलीची काही वर्षं दुसरीकडे काढून मी पुन्हा या गावात आलो आणि 2018 चा वॉटर कप आला.

पानी फाउंडेशनची ही स्पर्धा 2016 मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली. पहिल्याच वर्षी आमच्याच जिल्ह्यातलं वेळू पहिलं आलं. 2018 पर्यंत स्पर्धा 75 तालुक्यांत पोचली होती. 8 एप्रिल ते 22 मे असे 45 दिवस आणि काम डोंगरमाथ्यापासून सुरू करायचं. माथ्यावर सलग समतल चर, उतारावर दगडी बांध, रानात कंपार्टमेंट बंडिंग, खाली ओढ्याचं खोलीकरण. ‘माथा ते पायथा’ हा पाणलोटाचा पहिला धडा. माथा सोडून नुसता ओढा खोल केला तर पहिल्या वळवाच्या पावसात तो गाळाने भरतो.

आमच्या गावात मात्र माथा एका गटाचा होता आणि पायथा दुसऱ्या गटाचा.

प्रशिक्षणाला गेलेली पोरं हायड्रोमार्कर घेऊन समपातळी रेषा आखायला वर चढली आणि वरच्या आळीने त्यांना अडवलं. त्यांचे म्होरके अण्णा कचेरीत आले. त्यांचा प्रश्न मला आजही जसाच्या तसा आठवतो. “भाऊसाहेब, चर मारायचं आमच्या रानात आन् पाणी जायचं त्यांच्या हिरीला, ह्यो कुठला न्याव?”

याला उत्तर देणं सोपं नव्हतं. त्यांचं म्हणणं खरं होतं. मुरलेलं पाणी सातबारा बघत नाही, ते उताराने जातं. चर मारल्यावर सगळ्यात आधी खालच्या आळीच्या विहिरी भरणार, हे कुणालाही कळत होतं. एकीची भाषणं करून हा हिशेब बदलला नसता. देण्याघेण्यातच काहीतरी बसवावं लागणार होतं.

ते सुचलं तळ्यामुळे. गावाखाली जुनं पाझर तलावाचं पात्र आहे, ते तेव्हा कोरडं ठक्क पडलेलं. राज्य सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना 2017 पासून चालू होती. त्या तळ्याच्या बुडाशी वर्षानुवर्षं साठलेला गाळ होता, आणि तो मुळात वरच्या आळीच्याच रानातून वाहून आलेला. मग बोलणं असं झालं की चर वरच्या रानात मारायचे, आणि तळ्यातला गाळ आधी वरच्या रानात टाकायचा. ट्रॅक्टरच्या डिझेलचा निम्मा भार खालच्या आळीने उचलायचा. तात्यांनी ऐकून घेतलं, दोन दिवस विचार केला आणि देवळात सगळ्यांसमोर हो म्हणाले. तात्या आणि अण्णा त्या दिवसाआधी आणि त्या दिवसानंतरही एकमेकांच्या दारात गेले नाहीत. पण शब्द दोघांनीही पाळला.

पहाटे साडेपाचला देवळाचा भोंगा वाजायचा. बायका भाकरी बांधूनच माथ्यावर यायच्या. दोन्ही आळ्यांच्या माणसांना मुद्दाम एकाच चरावर लावायचं नाही, हे मला एका जाणत्या आक्कांनी शिकवलं. “येगळं येगळं खणू द्या, भाऊसाहेब. मग बघा कसं खणत्यात.” आणि झालंही तसंच. दोन टोकांकडून चर येत राहिले, कोण किती पुढे गेलं याची रोज संध्याकाळी मापं निघाली. 1 मेच्या महाश्रमदानाला पुण्या-मुंबईचे जलमित्र आले, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांनी त्यांना टिकाव कसा धरायचा ते दाखवलं. आमचं गाव बक्षिसात आलं नाही. त्या वर्षी पहिला क्रमांक आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीला मिळाला आणि गावाने आपणच जिंकल्यासारखा गुलाल उधळला.

या सगळ्यात एक गोष्ट आम्ही फार कसोशीने केली. रोजचा खर्च, किती लिटर डिझेल, कुणाची किती वर्गणी, कुणाच्या रानात गाळाच्या किती खेपा, हे रात्री देवळाच्या स्पीकरवरून वाचून दाखवलं जायचं. फळ्यावर लिहिणं वेगळं आणि घरात बसलेल्या म्हातारीच्या कानावर पडणं वेगळं. गावात संशयाला फार खायला लागत नाही. त्याला रोज रात्री आकडे मिळत गेले आणि तो वाढला नाही. तीस वर्षांच्या नोकरीतून मला काय कळलं असं कुणी विचारलं, तर मी या वाचनाचं नाव घेईन.

नंतरची फूट वेगळी निघाली.

जून 2022 मध्ये शिवसेना फुटली. जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. त्याआधी गावातल्या माणसाला विचारलं की तू कुणाचा, तर तो आळीचं किंवा भावकीचं नाव सांगायचा. आता एकाच पॅनेलमधून निवडून आलेल्या, एकाच बांधावर वाढलेल्या दोन चुलतभावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. त्यांच्यात ना जमिनीचा वाद होता ना पाण्याचा. मुंबईत कोण कुणाबरोबर गेलं, एवढंच कारण. मोबाइलवर गावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्याचे तीन झाले. कुणी गेलं तर अंत्यविधीची वेळही तिन्हीकडे वेगवेगळी कळवावी लागते. मला याचं मनापासून वाईट वाटतं. बांधाचं भांडण मोजणीने मिटवता येतं, गाळाच्या खेपांनी मिटवता येतं. जे भांडण गावात सुरूच झालं नाही, ते गावात कुणाच्या ओट्यावर बसून मिटवायचं?

त्यात थेट सरपंचाची पद्धत. 2017 मध्ये ती आली, 2020 मध्ये गेली, 2022 मध्ये पुन्हा आली. डिसेंबर 2022 च्या निवडणुकीत आमच्याकडे सरपंचबाई एका गटाच्या आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्याचं असं झालं. मासिक सभेत ठरावाला सूचक मिळतो, अनुमोदक मिळत नाही. ग्रामसभेचीही तीच गत. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल तेवढी माणसं लागतात. एक गट आला की दुसरा घरी बसतो. सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, म्हणून मग मूठभर माणसं सगळ्या गावाचे निर्णय करतात. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर. पण त्या इतिवृत्तावर सही करताना माझा हात जड होतो.

जलजीवन मिशनची टाकी याच ताणात अडकली. माणशी रोज 55 लिटर पाणी नळाने द्यायचं, ही 2019 पासूनची केंद्राची योजना. टाकी वरच्या आळीत बांधायची की शाळेमागच्या टेकाडावर, यावर दोन्हीकडून अर्ज आले, तक्रारी आल्या, वरून पत्रं आली. पुरुषांच्या बैठकांत प्रत्येक जण आपल्या नेत्याचं नाव काढायचा आणि टाकी बाजूलाच राहायची.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, ही कायद्यातली तरतूद. पुष्कळ गावांत ती सह्या गोळा करून उरकली जाते. आम्ही ती खरोखर घेतली, दुपारी अंगणवाडीत, मी सोडून बाकी पुरुषांना बाहेर ठेवून. सरपंचबाई एका गटाच्या, पण बचत गटाचं कर्ज दोन्ही आळ्यांत फिरतं. हप्ता थकला तर एकीच्या दारात दुसरीला जावंच लागतं, म्हणून त्यांच्यात बोलणं कधी पूर्ण बंद पडत नाही. त्या दिवशी नेत्यांचा विषयच निघाला नाही. कुठल्या बोळात नळाला धार येत नाही, कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणत्या म्हातारीला अजून हापशावरून कळशी आणावी लागते, हे एकेकीने सांगितलं. मी ऐकत होतो आणि लिहून घेत होतो. टेकाडावरून सगळ्या बोळांना उतार मिळतो, हे त्यांना अभियंत्याच्या नकाशाआधी माहीत होतं. ठराव लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या. ग्रामसभेत पुरुषांमध्ये त्यावर पुन्हा वाद झाला, पण घरच्या बाईची सही असलेल्या ठरावाविरुद्ध हात वर करायला फार थोडे तयार झाले. टाकी टेकाडावर उभी राहिली. वरच्या दोन बोळांत अजून पाणी कमी दाबाने येतं, ते काम बाकी आहे.

निवृत्तीची तयारी म्हणजे कागद. सेवापुस्तक तपासून घ्यायचं, जुन्या लेखापरीक्षणातले आक्षेप निकाली काढायचे, नमुना 1 ते 33 अशी सगळी दप्तरं मोजून हस्तांतर यादी करायची. मी नोव्हेंबर 2005 च्या आधी नोकरीला लागलो, म्हणून मला जुनी पेन्शन आहे. त्यानंतर लागलेल्यांना तिच्यासाठी मार्च 2023 मध्ये संपावर जावं लागलं, हे विसरता येत नाही. ज्यांना म्हातारपणाची चिंता आहे, त्यांनी निर्धास्तपणे गावाच्या वर्गणीचा हिशेब ठेवावा, ही अपेक्षा फार मोठी आहे.

दोन्ही गटांचे निरोप आले. सत्कार करायचा म्हणतात, पण वेगवेगळा. मी दोघांनाही सांगितलं की वेगळा सत्कार घेणार नाही. काय बोलायचं असेल ते 1 मेच्या ग्रामसभेत बोला.

त्या सभेची नोटीस नव्या अधिकारी बाईंनी माझ्यासोबत बसून तयार केली. त्या विदर्भातल्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांना माथ्यावर नेलं होतं. 2018 चे चर निम्मे गाळाने भरलेत, काही ठिकाणी दगडी बांध ढासळलेत. मृगाच्या आधी डागडुजी झाली नाही तर केलेलं काम वाहून जाईल. त्यांनी वाटेतच ठरवलं की सभेचा पहिला विषय हाच ठेवायचा, टाकीच्या बिलाचा वाद त्याच्यानंतर. नोटीस फळ्यावर लागली आणि तासाभरात अण्णांच्या मुलाचा फोन आला. आमच्या रानातले चर आम्हाला न विचारता विषयपत्रिकेत कसे? बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “दादा, हाच प्रश्न सभेत विचारा. उत्तर सगळ्यांसमोर देते.”

तो म्हणाला, येतो, आणि पन्नास माणसं घेऊन येतो. संध्याकाळपर्यंत हे खालच्या आळीला कळलं. रात्री तात्यांच्या घरून निरोप आला की तेही साठ जण येताहेत. मी बाईंना सांगितलं, अंगणवाडीतल्या आणि शाळेतल्या सगळ्या सतरंज्या मागवून ठेवा.